सम्राटाचं राज्य आणि भोपळ्याचं सूप

लाल भोपळ्याची भाजी म्हटलं की आपल्याकडे पोरं नाकं मुरडतात. पण कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. तिथं दर १ जानेवारीला घरोघरी भोपळ्याचंच सूप शिजतं. का, ते आज आम्ही सांगतो.

हैती फ्रान्सच्या ताब्यात होता. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं तिथल्या उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबत. १७९१ साली त्यांनी बंड केलं. गुलामीतच जन्मलेला जाँ-जाक देसालिन पुढे सेनापती झाला. १ जानेवारी १८०४ रोजी त्यानं देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी तो सम्राट झाला.

त्याची बायको मारी-क्लेअर. १८०० साली देसालिनच्या फौजेनं जाकमेल शहराला वेढा घातला होता. आत माणसांची उपासमार चालली होती. मारी-क्लेअरनं देसालिनचं मन वळवलं आणि बायकांना बरोबर घेऊन अन्न-औषधं आत नेली. भोपळ्याचं सूप गुलामांनी मालकासाठी रांधायचं, पण स्वतः चाखायचं नाही, अशी तिथली रीत. स्वातंत्र्याच्या दिवशी तेच सगळ्यांना वाढायचं, ही कल्पना तिचीच, असं हैतीत मानतात.

१८०४ सालीच देसालिननं मागे राहिलेल्या फ्रेंचांची कत्तल करवली. नवऱ्याचा हुकूम मोडून तिनं काहींना लपवलं, असं सांगतात. गुलामी सोसलेल्याचा राग आम्हाला कळतो. पण बायका-पोरांना मारणं आम्हाला पटत नाही. तिलाही पटलं नसणार.

१७ ऑक्टोबर १८०६ रोजी देसालिनला त्याच्याच माणसांनी मारलं. मारी-क्लेअरनं पुढची बरीच वर्षं हलाखीत काढली. १८५८ साली, शंभरीच्या घरात, ती वारली.

सम्राटाचं राज्य दोन वर्षं टिकलं. सूप दोनशे वर्षांनंतरही शिजतंय. २०२१ साली युनेस्कोनं त्याला मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, गावावर दुष्काळ आला तेव्हा चुली कुणी पेटत्या ठेवल्या? हप्ते लिहितो त्याच वहीत त्या बायांची नावं लिहून ठेवू या.