विनंतीआधीच सज्ज : एएस/४०० मधील ‘प्रीस्टार्ट जॉब’

१/ संगणकाच्या इतिहासात नव्या यंत्रांच्या कथा पुष्कळ आहेत. ती यंत्रे रोज चालवणाऱ्या युक्त्यांच्या मात्र थोड्याच. हा थ्रेड अशाच एका युक्तीविषयी. 🧵

२/ २१ जून १९८८ रोजी आयबीएमने एएस/४०० ही व्यावसायिक संगणकप्रणाली जाहीर केली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथे ती घडली. सिस्टिम/३६ आणि सिस्टिम/३८ या जुन्या यंत्रांच्या ग्राहकांना एकाच छत्राखाली आणणे, हा तिचा हेतू होता.

३/ या प्रणालीत प्रत्येक काम ‘जॉब’ म्हणून चालते. नवा जॉब उभा करायचा तर त्याला मेमरीत जागा द्यावी लागते, प्रोग्रॅम सुरू करावा लागतो, फायली उघडाव्या लागतात. विनंती लहान असेल, तर कामापेक्षा पूर्वतयारीच जड होते.

४/ यावरचा उपाय म्हणजे ‘प्रीस्टार्ट जॉब’. डाकचौकीवर खोगीर कसून उभ्या ठेवलेल्या घोड्याप्रमाणे हे जॉब प्राथमिक तयारी आटोपून विनंतीची वाट पाहतात.

५/ किती घोडे उभे ठेवावेत, हे प्रशासक ठरवतो. आरंभीची संख्या, मोकळे जॉब किती उरले की नवे सुरू करावेत, एका वेळी किती वाढवावेत आणि कमाल मर्यादा, असे हे चार आकडे. ते कमी पडले तर विनंत्या ताटकळतात. फार वाढवले तर रिकामे जॉब साधनसामग्री अडवून बसतात.

६/ पाचवा आकडा जॉबच्या आयुष्याचा. वेगळे काही सांगितले नसेल, तर २०० विनंत्या हाताळल्यावर जॉब निवृत्त होतो. त्याच्यात साचलेला पसाराही त्याच्यासोबत जातो.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत रोचक वाटावी, अशी बाब नावाची आहे. डेटाबेसची सेवा देणारे हे जॉब सहसा ‘क्यूयूजर’ या सामायिक नावाने सुरू होतात. विनंती आली की जॉब त्या वापरकर्त्याच्या अधिकाराने काम करतो. पण जॉबच्या नावात ‘क्यूयूजर’च राहते. मोडी पत्रात अक्षर कारकुनाचे आणि आज्ञा धन्याची, तसेच हे. खरा कर्ता शोधायचा तर जॉबचा ‘सध्याचा वापरकर्ता’ आणि त्याची नोंदवही पाहावी लागते.

८/ २००८ पासून ही प्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने ओळखली जाते. प्रीस्टार्ट जॉब तिच्यात आजही आहेत. किती विनंत्या खोळंबल्या, हे पडद्यावर पाहून प्रशासक आजही तेच आकडे कमी-जास्त करतात.