बंदुकीचा बार आणि माणसाचा कान

पुणें शहराचा दारूगोळ्याशीं संबंध जुना आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या रणांत तोफा धडाडल्या. त्याच खडकींत १८६९ सालीं इंग्रज सरकारनें दारूगोळ्याचा कारखाना काढला. नेम धरणाऱ्याचा हात आणि डोळा यांचें कौतुक सर्वांनीं केलें. कानाकडे मात्र लक्ष फार उशिरां गेलें.

१८८६ सालीं ग्लासगो येथील डॉ. टॉमस बार यांनीं बॉयलर बनविणारे १०० कामगार तपासले, तेव्हां एकाचीही श्रवणशक्ति निकोप आढळली नाहीं. बंदुकीचा बार हातोड्याच्या घावाहूनही तीव्र; तो बहुधा १४० ते १७० डेसिबल भरतो. मोठा आवाज होतांच मध्यकर्णांतील स्नायु आकुंचन पावून आंतील इंद्रियास जपतात खरे. परंतु बार क्षणार्धांत संपतो आणि ते सावध होण्यापूर्वींच इजा होऊन जाते. अंतर्कर्णांतील केशपेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उत्पन्न होत नाहींत.

पहिल्या महायुद्धापासून सैनिकांसाठीं कानांत घालण्याचीं बुचें निघालीं. शिकाऱ्याची अडचण मात्र निराळी होती. कान झांकावे तर पानांची सळसळ आणि सोबत्याची हांक ऐकूं येत नाहीं. उघडे ठेवावे तर बहिरेपण ओढवतें. हा पेंच इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षकानें सोडविला. त्याच्या वाट्यांवरील सूक्ष्म ध्वनिग्राहक बारीक आवाज वाढवून आंत पोंचवितात. आवाज सुमारें ८५ डेसिबलच्या वर जातांच तें वर्धन थांबतें.

तथापि बार अडविण्याचें मुख्य काम वाटी आणि तिची गादी हींच करतात. म्हणून निवड करतांना आवाज किती घटतो तो छापील आंकडा प्रथम पाहावा. दोन्ही बाजूंस स्वतंत्र ध्वनिग्राहक असल्यास आवाजाची दिशा कळते. वाटी बंदुकीच्या दस्त्याला अडूं नये, चष्म्याच्या काडीमुळें फट राहूं नये. बंदिस्त जागेंत वाटीखालीं बुचेंही घालावीं. मात्र दोहोंच्या आंकड्यांची बेरीज होत नाहीं, सुमारें ५ डेसिबलचीच भर पडते.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा घातला व १९९१ च्या दुरुस्तीनें ती जवळजवळ बंदच झाली. नेमबाजी मात्र वाढली. बालेवाडीच्या क्रीडानगरींत २००८ सालीं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, त्यांत नेमबाजीही होती. तेथें शिकणाऱ्या मुलामुलींना बारापासून कान जपावयाचे असतात आणि गोळीबार थांबविण्याची आज्ञाही ऐकावयाची असते. सरावांत इलेक्ट्रॉनिक साधन त्यासाठींच उपयोगी. आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत मात्र ध्वनिग्राहक असलेलें साधन नेमबाजास चालत नाहीं. म्हणून साध्या वाट्यांचीही संवय ठेवावी. मुलांस बंदूक हातीं देण्यापूर्वीं कान झांकले आहेत ना, हें वडीलधाऱ्यांनीं पाहावें. गेलेली श्रवणशक्ति कोणत्याही औषधानें परत येत नाहीं.