द्विध्रुवी विकार : माहिती आणि आधार

द्विध्रुवी विकार हा मनःस्थितीचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. त्यात उन्माद आणि अवसाद अशा दोन टोकांचे झटके येतात आणि मधल्या काळात माणूस बहुतेक वेळा आपल्या कामाला लागलेला असतो. घराघरांत त्याला ‘बायपोलर’ याच नावाने ओळखतात. आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकणारा, संसार आणि कामधंदा विस्कटून टाकणारा उन्माद असेल तर तो पहिला प्रकार. उन्माद सौम्य पण त्याच्या जोडीला अवसादाचे झटके असतील तर दुसरा. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८९९ मध्ये हा आजार, ज्याला आज स्किझोफ्रेनिया म्हणतात त्यापासून वेगळा काढला. आजचे नाव १९८० च्या अमेरिकन निदानपुस्तिकेमुळे रुळले. भारतात २०१७ मध्ये सुमारे ७६ लाख लोक या आजारासह जगत होते, असा अंदाज ‘लॅन्सेट सायकियाट्री’ने प्रसिद्ध केला आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अशा रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचारांबाहेर आढळले. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि गोवाही नव्हता, हे हा आकडा वापरणारे सहसा सांगत नाहीत. प्रस्तुत नोंदीचा विषय औषधयोजना नाही. निदान झाल्यावर माणसाने आणि त्याच्या घराने कोणती माहिती, कोणाकडून आणि मुख्य म्हणजे केव्हा मिळवावी, एवढाच आहे.

‘केव्हा’ हा प्रश्न इथे कळीचा आहे. मधुमेह झालेल्याला माहितीची गरज पडते तेव्हा ती समजून घेणारे डोके शाबूत असते. द्विध्रुवी विकारात गरज सर्वाधिक असते त्याच वेळी ते हाताशी नसते. उन्माद चढू लागतो तेव्हा माणसाला आजारी वाटतच नाही. कित्येक वर्षांत वाटले नव्हते इतके बरे वाटते. तीन तासांची झोप पुरते, योजनांवर योजना सुचतात, हात सैल सुटतो, आणि गोळ्यांची गरज संपली अशी खात्री पटते. अवसादात नेमके उलटे होते. कागद समोर असतो, पण तो वाचायचे त्राण नसते आणि वाचून काही बदलेल असा विश्वासही नसतो. म्हणून या आजाराची माहिती दोन झटक्यांच्या मधल्या स्वस्थ काळातच गोळा करावी लागते आणि तिची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी हाती ठेव म्हणून द्यावी लागते. आधार हा शब्द मराठीत सहसा धीर देण्याशी जोडला जातो. या आजारापुरता त्याचा अर्थ बराच रोकडा आहे: ज्याच्याकडे ही ठेव आहे आणि ती केव्हा बाहेर काढायची हे ज्याला ठाऊक आहे, तो आधार.

या म्हणण्याला पुरावा आहे. मँचेस्टर भागात ६९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. निम्म्या रुग्णांना ७ ते १२ बैठकांत एवढेच शिकवले होते की, आपल्या झटक्याची पहिली चिन्हे ओळखा आणि ती दिसताच उपचार गाठा. न शिकवलेल्या गटातल्या पहिल्या चतुर्थांश रुग्णांना १७ आठवड्यांच्या आत पुन्हा उन्माद आला. शिकवलेल्या गटात तितक्याच प्रमाणाला ६५ आठवडे लागले. बार्सिलोनातला २००३ चा अभ्यास याहून बोलका आहे, कारण त्यात तुलना माहिती आणि नुसती सोबत यांच्यात होती. सगळे १२० रुग्ण औषधे घेत होते. अर्ध्यांना २१ आखीव पाठ दिले, उरलेले तेवढेच नियमित जमून मोकळ्या गप्पा करत. दोन वर्षांच्या पाठपुराव्याअखेर गप्पांच्या गटात ९२ टक्के लोकांना आजार उलटला होता, पाठांच्या गटात ६७ टक्क्यांना. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा आजारात गेलेले दिवस गप्पांच्या गटात सरासरी ५८६ आणि पाठांच्या गटात १५४ भरले. औषध दोघांना सारखेच मिळत होते, हे इथे विसरता कामा नये.

यावर आक्षेप येतो तो इंग्लंडमधून. तिथे ३०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आखीव पाठ आणि चांगल्या रीतीने चालवलेला परस्पर-आधार गट यांच्यात एकंदर ठोस फरक दिसला नाही. तेव्हा पाठांचे महत्त्व फुगवलेले आहे, असे म्हणायला जागा होते. पण त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट निघाली: ज्यांचे आधीचे झटके सातपर्यंतच होते त्यांना पाठांचा फायदा झाला, झटक्यांची मालिका लांबलेल्यांना झाला नाही. (एका उपगटावरून निघालेला निष्कर्ष म्हणून तो बेतानेच घ्यावा.) निकालाचे हे दोन्ही भाग वेळेकडेच बोट दाखवतात. माहिती लवकर मिळाली तर ती कामाची, उशिरा मिळाली तर नुसती सोबतही तितकेच करते.

आणि उशीर तर निदानापासूनच सुरू होतो. अमेरिकेत रुग्णांच्या संघटनेने २००० मध्ये केलेल्या पाहणीत ६९ टक्के लोकांचे पहिले निदान चुकलेले होते, आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना बरोबर निदानासाठी दहा किंवा जास्त वर्षे थांबावे लागले होते. सर्वाधिक वेळा चुकून सांगितला गेलेला आजार साधे नैराश्य हा होता. कारण सरळ आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तो खचलेला असताना. चढत्या दिवसांची तक्रार त्याला नसते, त्यामुळे तो त्यांच्याबद्दल बोलत नाही. मग केवळ नैराश्यावरची गोळी सुरू होते आणि काहींच्या बाबतीत तीच उन्मादाकडे ढकलते. ‘पूर्वी कधी आठ-आठ दिवस झोपेविना ताजेतवाने असायचा का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा घरातले दुसरे माणूस देऊ शकते. म्हणजे दुसऱ्या माणसाची गरज निदानाच्या खोलीतच लागते.

मराठीत या कामाला भाषेचा अडसर आहे. ‘उन्माद’ हा शब्द चरकसंहितेत वेडाच्या सर्वच प्रकारांसाठी येतो आणि वर्तमानपत्रांत जमावाच्या बेभानपणासाठी. डॉक्टर तो नेमक्या अर्थाने उच्चारतात, घरचे ‘वेड लागले’ असे ऐकतात. ‘मूड’ शब्दाची गत त्याच्या उलट: तो इतका घरगुती झाला आहे की ‘मूडचा आजार’ म्हटले की लाडावलेल्या माणसाचे चोचले वाटतात. यावरचा उपाय परिभाषाकोशात शोधण्यापेक्षा घरात शोधलेला बरा. पूर्वचिन्हांची यादी त्या-त्या घराच्या शब्दांत लिहावी. ‘निद्रेचे प्रमाण कमी होणे’ यापेक्षा ‘पहाटे तीनला उठून माळा आवरायला काढतो’, ‘जुन्या मित्रांना रात्री अकरानंतर फोन लावते’, ‘गोळ्यांची पाकिटे तशीच दिसतात’ ही वाक्ये अधिक उपयोगी, कारण ती ओळखायला पदवी लागत नाही.

माहितीतला सर्वांत जोखमीचा भाग लिथियमचा आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा गुण नोंदवला आणि आजही दीर्घकाळच्या प्रतिबंधात त्याच्या तोडीची औषधे थोडीच आहेत. मात्र गुण देणारे आणि विषारी ठरणारे प्रमाण एकमेकांच्या फार जवळ असते. त्यामुळे रक्तातले लिथियम ठरावीक काळाने मोजावे लागते. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्याही कराव्या लागतात. डॉक्टर हे सांगतात. सांगायचे राहून जाते ते आपल्या जगण्यातले: निर्जळी उपवास, मे महिन्यातल्या उन्हातली पायपीट, जुलाब, कुणाच्या सल्ल्याने अचानक सोडलेले मीठ, आणि मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची अंगदुखीची गोळी. यांतल्या प्रत्येकाने रक्तातले लिथियम वाढू शकते. हात खूप थरथरू लागले, तोल जाऊ लागला, उलट्या सुरू झाल्या, बोलणे जड झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुसऱ्या एका औषधाबद्दल, व्हॅल्प्रोएटबद्दल, मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला आधीच सांगायला हवे, कारण गर्भाला त्याचा गंभीर धोका असतो. गोळी एकदम बंद करणे कोणत्याही औषधाच्या बाबतीत धोक्याचे. झोपेचे तर वेगळे पंचांग मांडावे लागते. जागरणाने उन्माद सुरू होऊ शकतो, म्हणून नवरात्र, गणपती, लग्नघर, रात्रपाळी, परीक्षा या सगळ्या या आजाराच्या दृष्टीने जोखमीच्या तिथी आहेत. त्यांत भाग घेऊ नये असे नाही. रात्री कोण, किती वाजता घरी परतणार हे आधी ठरलेले असावे.

ही ठेव सांभाळणाऱ्यांसाठी मराठीने दोन सुंदर शब्द घडवले आहेत. आजारासह जगणारा तो शुभार्थी, त्याची काळजी वाहणारा तो शुभंकर. कॅनडातल्या कॅलगरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. तिच्या स्वमदत गटांतून हे शब्द पसरले. नाव स्किझोफ्रेनियाचे असले तरी शब्द सर्वच दीर्घ मनोविकारांना लागू पडतात, आणि ‘रुग्ण व नातेवाईक’ या दवाखानी जोडीपेक्षा ते नाते अधिक अचूक पकडतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे आयपीएच, याच परंपरेतली. सरकारी बाजूला पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. पण नेहमीच्या गोळ्यांसाठी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग बहुतेकांना अधिक जवळचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही फोनवरची सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. तिथे विचारता येते आणि पुढची वाट कळते. लिथियमची रक्तचाचणी मात्र फोनवर होत नाही आणि ती प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणीही होत नाही.

या सगळ्या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप शुभार्थींचाच आहे. चिन्हांची यादी एकदा घरच्यांच्या हाती गेली की मोकळेपणाने हसायचीही चोरी होते. मोठ्याने गाणे म्हटले तरी ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न टोमण्यासारखा येतो. आक्षेप खरा आहे. घरातली सततची टीका आणि रोष यांचा आजार उलटण्याशी संबंध असल्याचे १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून यादी कुणी लिहिली, हे यादीइतकेच महत्त्वाचे ठरते. ती शुभार्थीने स्वतः, बरे असताना लिहिलेली हवी. एका चिन्हावर काही करायचे नाही, तीन चिन्हे सलग तीन रात्री दिसली तरच कुणी एकाने बोलायचे, अशी मर्यादाही त्यात हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याच तत्त्वावर उभा आहे. आपली निर्णयक्षमता जाईल तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लेखी सांगता येते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही आपणच नेमायचा, आणि तो नात्यातला असलाच पाहिजे असे बंधन नाही. तातडीच्या उपचारांना हा पूर्वनिर्देश लागू होत नाही, ही त्याची मर्यादा. ज्या घरात शुभंकरच जाच करतो तिथे मात्र हीच तरतूद खरी आधाराची ठरते.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा, आणि तो लग्नापाशी येऊन थांबतो. चार जणांना सांगितले तर स्थळे येणार नाहीत. ‘लग्न झाले की सुधारेल’ हा सल्ला तर तयारच असतो. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, या धाकाने लोक गप्प राहतात. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे की केवळ निदानाचे नाव पुरेसे नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते. लपवलेली गोळी मात्र सासरी पहिल्या आठवड्यातच चुकते. सांगायचे ते चार जणांना नको, एका माणसाला पुरे. पण ज्याच्याशी घर करायचे ते माणूस त्यातून वगळता येत नाही.

अवसादाच्या टोकाला मात्र इथली मांडणी तोकडी पडते. मँचेस्टरच्या अभ्यासात पूर्वचिन्हे शिकवून उन्माद लांबला, अवसाद लांबला नाही. आणि पहिल्या प्रकारच्या १४६ रुग्णांचा सुमारे १३ वर्षे माग ठेवणाऱ्या अमेरिकन अभ्यासात ३२ टक्के आठवडे अवसादाच्या लक्षणांत गेले होते, उन्मादाच्या फक्त ९ टक्के. खचणे इतके हळू येते की त्याचा पहिला दिवस सापडत नाही. तिथे यादीपेक्षा माणूस लागतो: ओपीडीच्या रांगेत सोबत उभा राहणारा, गोळ्यांची मोठी पाकिटे स्वतःकडे ठेवून आठवड्यापुरत्याच काढून देणारा, मरणाचा विषय निघाला तर तो न टाळणारा. आत्महत्येचा प्रयत्न झाल्यावरही ‘पोलीस केस होईल’ म्हणून घरीच उलट्या करवत बसणारी कुटुंबे आहेत. २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरले आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ उरलेलेच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते, जबाब घेतला जातो. पण केवळ जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून आता गुन्हा दाखल होत नाही.