हंस, डोमकावळा आणि चौदा फुटी फळी

१८६७ साली इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या डार्ट नदीवर विल्यम फ्रूड नावाचा अभियंता वाफेच्या लाँचने दोन छोट्या नावा ओढत हिंडत होता. लाँचवर एक आडवा दांडा, त्याच्या एका टोकाला ‘स्वॉन’, दुसऱ्या टोकाला ‘रेव्हन’. हंस आणि डोमकावळा. हंसाची नाळ भरदार, बोथट, डोमकावळ्याची टोकदार. दोघांना एकच पाणी, एकच वारा, एकच वेग. कुठल्या टोकाला ओढ जास्त बसते एवढंच पाहायचं. फ्रूडने अशा नावा ३, ६ आणि १२ फूट लांबीच्या केल्या होत्या. निकाल असा लागला, की हळू ओढलं तर डोमकावळा सरस आणि वेग वाढवला की हंस. जहाजाचा आदर्श आकार शोधणाऱ्यांच्या हाती त्यामुळे उत्तराऐवजी अडचणच आली. कोणत्या वेगाला, हे ठरल्याशिवाय दोन आकारांची तुलनाच होत नाही.

उभं राहून वल्हवायच्या डाउनविंड शर्यतीचे बोर्ड तपासणारी मंडळी आज जे करतात, ते मुळात याच दांड्याचं काम. फक्त त्यांचं पाणी शांत नाही आणि दांडा उसळत्या समुद्रात चालत नाही.

हा बोर्ड म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर तासाच्या भाड्याने मिळणारा फुगवायचा, रुंद, गरीब स्वभावाचा बोर्ड नव्हे. हा १४ फूट लांब, जेमतेम सव्वादोन फूट रुंद, आत हलका फोम आणि वर कार्बनचं कवच. शर्यत एकाच दिशेची. वारा पाठीशी घ्यायचा, त्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा एकामागून एक पकडत जायचं आणि दूर कुठेतरी किनाऱ्याला लागायचं. परतीचा प्रवास गाडीने.

याच्या वंशवेलीला दोन फांद्या आहेत आणि दोन्ही हवाईच्या. पहिली फांदी पालथं पडून किंवा गुडघ्यावर बसून हातांनी पाणी मारणाऱ्यांची. हवाईच्या सरदार घराण्यांतले लोक ‘ओलो’ नावाच्या लांबलचक, जड लाकडी फळ्या वापरत. १९२० च्या दशकात टॉम ब्लेक हा विस्कॉन्सिनचा जलतरणपटू होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये अशा जुन्या फळ्यांच्या डागडुजीला लागला आणि त्यांच्या नादीच लागला. त्याने नक्कल करून पाहिली. वजन उतरवण्यासाठी तिला भोकं पाडली, वरून पातळ लाकडाने मढवली. पुढे आतून पोकळ, बरगड्यांवर बांधलेली फळी केली आणि १९३२ मध्ये तिचं अमेरिकन पेटंट मिळवलं. पेटंटात नाव होतं ‘वॉटर स्लेड’. त्याच वर्षी ब्लेक, पीट पीटरसन आणि वॉली बर्टन हे तिघे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून कॅटालिना बेटापर्यंत असल्या फळ्यांवर हातांनी वल्हवत गेले. लाटेवर उभं राहायचं साधन किनाऱ्यावरून बेटावर जायचं वाहन होऊ शकतं, हे त्यामुळे लोकांच्या डोक्यात शिरलं.

दुसरी फांदी उभ्यांची. विसाव्या शतकाच्या मध्यावर वायकीकीचे ‘बीच बॉइज’, म्हणजे पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे स्थानिक, मोठ्या बोर्डावर उभे राहून हातात होडीचं वल्हं घेत. उभ्याने येणारी लाट लांबून दिसते, शिकाऊ गिऱ्हाइकांवर लक्ष राहतं आणि गळ्यातला कॅमेरा कोरडा राहतो. आ चॉय कुटुंबाचं नाव या संदर्भात आदराने घेतलं जातं. नंतर ही रीत जवळजवळ विसरली गेली. १९९० च्या दशकात माउई बेटावर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी लाटा नसलेल्या दिवसांचा विरंगुळा म्हणून ती पुन्हा उचलली.

फांद्या एकत्र आल्या त्या काइवीच्या खाडीत. मोलोकाई आणि ओआहू या दोन बेटांमधला हा समुद्र सुमारे ४२ किलोमीटर रुंद, ७०० मीटर खोल आणि खवळलेला. जीन ‘टारझन’ स्मिथने १९३८ मध्ये तो फळीवर हातांनी पार केला. १९५३ मध्ये टॉमी झानने. कॅलिफोर्नियात १९५५ पासून कॅटालिना क्लासिक ही फळीशर्यत सुरू झाली, मध्ये बंद पडली आणि १९८२ मध्ये पुन्हा उभी राहिली. काइवीवरची शर्यत १९९७ ची, ५२ किलोमीटरची. या शर्यतींनी फळ्यांचे गट पाडले: १२ फुटांपर्यंतची ‘स्टॉक’ आणि लांबीचं बंधन नसलेली ‘अनलिमिटेड’. उभ्याने वल्हवणारे या शर्यतीत उतरले तेव्हा त्यांना हे वाटपाचं घर आयतंच मिळालं.

माझ्या मते या घराण्यातला सर्वांत कर्तबगार कारागीर म्हणजे नियमपुस्तक. पाण्याला कापत जाणारी कोणतीही लांबट फळी स्वतःच्याच लाटेत अडकते. तिने उठवलेल्या लाटेची लांबी फळीच्या लांबीइतकी झाली की वेगातला पुढचा प्रत्येक किलोमीटर महाग पडतो. साडेबारा फुटी फळीला ही अडचण ताशी ९ किलोमीटरच्या थोडं आत लागते, चौदा फुटीला सव्वानऊच्या आसपास, सतरा फुटीला दहाच्या वर. फळी अरुंद असेल तर ही भिंत थोडी मऊ असते एवढंच. म्हणून मोकळीक मिळताच काइवीसाठीचे बोर्ड सतरा-अठरा फुटांवर गेले. मुळात डच असलेल्या आणि माउईला स्थायिक झालेल्या मार्क राफोर्स्टच्या ‘एसआयसी’चे एफ-१६, एफ-१८ आणि बुलेट १७ हे त्या काळाचे मानकरी. त्यांना पायाच्या बोटांनी फिरवता येणारं सुकाणू होतं. वारा पाठीवर थेट येत नसून थोडा कुशीवरून येतो. सुकाणू नसेल तर फळी सतत फिरायला बघते आणि एकाच बाजूला वल्हवून खांदा कामातून जातो. सुकाणू आलं की दोन्ही हात बरोबरीने चालतात.

पण सतरा फुटी फळी विमानात जात नाही, गाडीच्या टपावर धड बसत नाही, कारखान्याला परवडत नाही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २००८ पासून कॅलिफोर्नियातल्या डोहेनीला ‘बॅटल ऑफ द पॅडल’सारख्या शर्यती भरू लागल्या, तिथे साडेबारा फुटीचा बोलबाला झाला, आणि पुढे जगभर चौदा फुटीवर एकमत झालं. चौदा हा आकडा समुद्राने दिलेला नाही. मालवाहू कंटेनर, गाडीची टपं आणि आयोजकांची सोय यांनी मिळून तो ठरवला. एकदा लांबी अशी बांधली गेली, की मग शेपरांची, म्हणजे बोर्डाला आकार देणाऱ्या कारागिरांची, सगळी हुशारी उरलेल्या गोष्टींत शिरली: नाक किती उचललेलं, पोट किती सपाट, शेपूट किती निमुळतं, उभं राहायची जागा किती खोल.

ती हुशारी पारखण्याची प्रयोगशाळा म्हणजे माउईच्या उत्तर किनाऱ्यावरची मालिको. मालिकोच्या घळीतून बाहेर पडायचं, डावीकडे वळायचं आणि होओकिपा, पाइया मागे टाकत काहुलुई बंदरात शिरायचं. सुमारे १५ किलोमीटर. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे ३,०५५ मीटर उंच हालेआकाला आणि पश्चिम माउईचे डोंगर यांच्यामधल्या सखल पट्ट्याकडे ओढले जातात आणि तिथे जोर धरतात. वारा किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतो, ही खरी चैन. वल्हं मोडलं तरी माणूस महासागरात भरकटत नाही. एका माणसाच्या आउट्रिगर होड्या इथे आधीपासून धावत होत्या. होओकिपामुळे विंडसर्फिंगचे कारखानेही जवळच होते. १९७६ मध्ये तेराव्या वर्षी विंडसर्फिंगचा जगज्जेता झालेल्या रॉबी नेशची कंपनीही याच बेटावरची. तिची ‘ग्लाइड’ ही डाउनविंड फळी पुष्कळांची पहिली फळी ठरली. सकाळी कापलेला फोम कार्बनमध्ये मढवून काही दिवसांत खऱ्या लाटांवर नेता यावा, अशा जागा जगात फार नाहीत.

इथल्या लाटा कशा चालतात हे कळल्याशिवाय बोर्डाची पारख कळत नाही. दोन शिखरांमध्ये चार सेकंदांचं अंतर असलेली लाट घ्या. तिचं शिखर ताशी सुमारे २२ किलोमीटरने धावतं. सपाट पाण्यावर नऊ-दहाने जाणाऱ्या वल्हेकऱ्याला ते सहसा गाठता येत नाही. म्हणून तो आधी तीन सेकंदांच्या लहान, ताशी १७ च्या लाटेवर चढतो, तिच्या उतारावर वेग घेतो आणि त्या वेगावर मोठीच्या खांद्याला जातो. गंमत पुढेच आहे. खोल पाण्यात लाटांचा जथा शिखरांच्या निम्म्याच वेगाने पुढे सरकतो. शिखर मागून उगवतं, जथ्यातून धावत पुढे जातं आणि पुढच्या कडेला विरून जातं. म्हणजे चार सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी ११ किलोमीटरने चाललेला असतो. काइवीवर चांगला वारा असताना अव्वल वल्हेकरी ५२ किलोमीटर चार तासांच्या किंचित वर काढतात; सरासरी पडते साडेबारा. एकेका लाटेला भुलून शेवटपर्यंत तिच्या मागे जाणारा दमतो. मुरलेला माणूस लाटेला सोडतो आणि जथ्याला धरून राहतो. त्याची नजर पुढच्या लाटेच्या पाठीपेक्षा पुढच्या खळग्याकडे असते.

आता बोर्डाकडून काय मागायचं हे उघड होतं, आणि मागण्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. उतारावर नाक पुढच्या लाटेत खुपसू नये म्हणून ते उचललेलं हवं. पण उचललेलं नाक दोन लाटांमधल्या सपाटीवर बोर्डाची पाण्यातली लांबी कमी करतं. वेग आल्यावर घसरावं म्हणून पोट सपाट हवं. लाट पकडण्याआधी पाणी कापावं म्हणून ते गोलसर हवं. शेपूट निमुळतं असेल तर मागून येणारी लाट त्याला ढकलून तिरकं करत नाही, पण रुंद शेपटाला तीच लाट लवकर उचलते. जो बोर्ड लाट सहज पकडतो तो बहुधा ती लवकर सोडतो. डाउनविंडचा बोर्ड नऊच्या वेगाला डोमकावळा आणि अठराच्या वेगाला हंस असावा लागतो, आणि हे रूप दर अर्ध्या मिनिटाला बदलावं लागतं.

मग दोन बोर्ड तपासायचे कसे? जीपीएस घड्याळ मनगटावर आल्यापासून लोकांना वाटू लागलं की प्रश्न सुटला. तसं नाही. १५ किलोमीटरला ७५ मिनिटं लागली, तर एक टक्क्याचा फरक म्हणजे ४५ सेकंद. बोर्डाबोर्डांतला फरक पुष्कळदा एवढाच असतो. पण सकाळी अकराला निघून दुपारी दुसऱ्या बोर्डावर पुन्हा निघेपर्यंत वारा वाढलेला असतो, भरतीने प्रवाह फिरवलेला असतो आणि खांदे पहिल्या फेरीने खाल्लेले असतात. तेवढ्यात ४५ सेकंद सहज इकडचे तिकडे होतात. कमाल वेगाचा आकडा तर सर्वांत फसवा. तो एका नशीबवान घसरणीचा असतो आणि जाहिरातीत शोभतो.

म्हणून जाणते तपासनीस जोडीने निघतात. साधारण एकाच ताकदीचे आणि वजनाचे दोन वल्हेकरी, दोन बोर्ड, शेजारी शेजारी. अर्ध्या वाटेत बोर्डांची अदलाबदल. एकटाच माणूस असेल तर क्रम ‘अ, ब, ब, अ’ असा ठेवायचा, म्हणजे वाढता वारा आणि वाढता थकवा दोघांच्या वाट्याला सारखा येतो. शेपटाखालची फिन दोन्हींना एकच लावायची, नाहीतर फिनचं श्रेय बोर्ड खातो. वेगाबरोबर नाडीचे ठोके नोंदवायचे, कारण तेवढाच वेग दहा ठोके कमी घेऊन देणारा बोर्ड काइवीच्या तिसऱ्या तासाला खरा ठरतो. आणि वजन सांगितल्याशिवाय निष्कर्ष सांगायचा नाही. ६५ किलोच्या माणसाखाली तरंगणारं नाक ९० किलोच्या माणसाखाली वेगळ्याच कोनात असतं. ज्या परीक्षणात तपासणाऱ्याचं वजन लिहिलेलं नाही, ते मी पुढे वाचत नाही.

इतकं करूनही मालिकोचा विजेता दुसरीकडे हरतो. अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया नदीच्या दरीत, व्हिएन्टोहून हूड रिव्हर गावापर्यंतची धाव प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात पूर्वेकडचं वाळवंट तापतं, समुद्रावरची थंड हवा दरीतून आत ओढली जाते आणि वारा पूर्वेकडे वाहतो. नदी मात्र पश्चिमेला. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड होतात, उभ्या होतात, एकमेकींच्या अंगावर येतात. मालिकोच्या लांब खळग्यांत ऐटीत जाणारी फळी इथे पुढच्या लाटेत नाक खुपसते. वल्हेकऱ्याला सारखं शेपटाकडे पावलं टाकावी लागतात. इथे जास्त उचललेल्या, वळायला चपळ फळ्यांचं राज्य. दोन्ही ठिकाणचे लोक आपापल्या आवडत्या बोर्डाला ‘जगातला सर्वोत्तम’ म्हणतात आणि दोघेही आपल्या पाण्यापुरते खरे असतात.

२०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात फॉइल आली. बोर्डाखाली उभा दांडा, त्याला पाण्याखाली पंख. वेग आला की फळी हवेत. एकदा उठली की फळीचा आकार जवळपास बिनमहत्त्वाचा, म्हणून आधी सगळ्यांनी ती आखूड आणि रुंद केली. पण उभ्याने वल्हवून, कोणाच्या ओढीशिवाय उठायचं तर उठण्याआधी पाण्यावर वेग हवा, आणि आखूड रुंद फळी तो देत नाही. मग डेव्ह कलामाची ‘बाराकुडा’ आणि तिच्यासारख्या लांबट, अरुंद फळ्या बाजारात आल्या. चौदा फुटीच्या अंगाची ही अर्ध्या लांबीची नातवंडं. तपासणाऱ्यांचा प्रश्न आता सरासरी वेगाचा राहिलेला नाही. वल्ह्याच्या किती फटक्यांत फळी पाण्यातून सुटते, हे ते मोजतात. उत्तर पुन्हा माणसाच्या वजनावर अडतं, म्हणून दुकानदार फॉइलची फळी दाखवण्याआधी विचारतो, ‘किती किलो?’