दोन लेखक, एक नाव : ‘उग-ल-लू’चे वाचन

एका कृतीवर दोन लेखकांची नावे असली की समीक्षक प्रथम वाटणीला बसतो : कल्पना कोणाची, शब्द कोणाचे? एमिल एर्कमान (1822–1899) आणि अलेक्सांद्र शात्रियां (1826–1890) ह्या फ्रेंच लेखकद्वयाने ह्या वाटणीस दीर्घकाळ वावच ठेवला नाही. लोरेन प्रांतातील फाल्सबूर ह्या तटबंदीच्या गावी 1847 मध्ये त्यांची ओळख झाली, आणि पुढे दोन्ही आडनावे जोडून जे नाव सिद्ध झाले ते अनेक वाचकांना एकाच व्यक्तीचे वाटत असे. 1860 मधील ‘कोंत द ला मोंतान्य’ ह्या संग्रहातील ‘उग-ल-लू’, म्हणजे ‘लांडगा उग’, ही त्यांच्या आरंभकाळातील दीर्घ भयकथा. भयकथांच्या इतिहासात तिचे स्थान मान्य झालेले आहे; परंतु ह्या लेखकांच्या पुढील वाङ्मयाचा उगम म्हणून ती फारशी वाचली जात नाही.

कथानक साधे आहे. नाताळच्या सुमारास फ्रित्स नावाच्या तरुण वैद्याला त्याचा पालनकर्ता, वृद्ध शिकारी स्पेर्वर, ‘काळ्या अरण्या’तील नीडेकच्या गढीवर घेऊन जातो. तेथील सरदाराला दर वर्षी ठराविक दिवसांत विलक्षण झटके येतात. त्याच दिवसांत गढीसमोरच्या हिमाच्छादित माळावर एक म्हातारी येऊन बसते. लोक तिला ‘काळी महामारी’ म्हणतात. ती निघून गेली की रोगी बरा होतो. पुढे एका रात्री सरदार आणि ती म्हातारी, दोघेही भान हरपलेल्या अवस्थेत, गढीच्या मूळ पुरुषाने केलेल्या घोर पातकाची मूक पुनरावृत्ती करताना दिसतात.

ह्या कथेतील भय प्रामुख्याने लांडग्याच्या आरोळीतून उत्पन्न होत नाही. ते तिथीच्या नेमामुळे उत्पन्न होते. वैद्य नाडी पाहतो, कारणे शोधतो. शिकारी हिमावरील पावले पाहतो. दोघेही आपापल्या विद्येत निपुण आहेत. परंतु ह्या रोगाचे मूळ रोग्याच्या देहात नाही, त्याच्या वंशात आहे. ज्याने अपराध केला तो शतकांपूर्वी मेला. व्याज मात्र आजचा सरदार भरतो. त्याची कन्या ओदील विवाहच नाकारते, म्हणजे तीही त्याच ऋणाची फेड करते. निरपराधाने दुसऱ्याचे देणे का फेडावे, हा ह्या कथेचा खरा प्रश्न आहे.

हाच प्रश्न पुढे गढी सोडून रणांगणावर गेला. 1864 च्या ‘इस्त्वार दं कोंस्क्री द 1813’ ह्या कादंबरीत फाल्सबूरचा एक लंगडा घड्याळजी उमेदवार नेपोलियनच्या सैन्यात ओढला जातो, आणि 1865 च्या ‘वॉटर्लू’मध्ये त्याची कथा पुढे चालते. पूर्वजाच्या जागी सम्राट आला, शापाच्या जागी सक्तीची सैन्यभरती आली. फेड करणारा मात्र तोच राहिला. ‘उग-ल-लू’ला केवळ गॉथिक परंपरेतील एक चांगला नमुना समजणारे वाचक ही संगती गमावतात.

मग हे दर्शन दोघांपैकी कोणाचे? हिंदीतील ‘एक इंच मुस्कान’ ह्या कादंबरीत राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी ह्यांनी प्रकरणे आळीपाळीने लिहिली. तेथे सांधा उघड आहे, किंबहुना तोच त्या प्रयोगाचा विषय आहे. एर्कमान–शात्रियां ह्यांचा सांधा दिसत नाही. सामान्यतः असे मानले जाते की लेखन मुख्यत्वे एर्कमानचे. संस्करण, नाट्यरूपांतर आणि प्रकाशकांशी व्यवहार शात्रियांचा. शात्रियां पॅरिसमध्ये रेल्वे कंपनीच्या कचेरीत नोकरी करून हे सारे सांभाळत असे. 1871 मध्ये फाल्सबूर जर्मनीकडे गेले. 1880 नंतरच्या दशकात नाटकांच्या उत्पन्नावरून दोघांत वितुष्ट आले. 1889 मध्ये शात्रियांच्या चिटणिसाने ‘फिगारो’ पत्रात एर्कमानच्या देशनिष्ठेवरच आघात केला. एर्कमान न्यायालयात गेला आणि त्याची बाजू मान्य झाली. 1890 मध्ये शात्रियां मरण पावला तेव्हा त्याची बुद्धी ढळलेली होती.

ह्या शेवटाच्या प्रकाशात आरंभीची कथा वाचण्याचा मोह होतो. तो टाळणे हेच योग्य. न्यायालय मानहानीचा निवाडा करू शकते. वाक्य कोणाच्या मनात प्रथम उगवले ह्याचा निवाडा त्याच्या अधिकारात नाही. लेखणी बहुधा एर्कमानची होती, हे मान्य करणे त्याच्यावर न्याय करणे होय. परंतु कोणता मजकूर राहावा, कोणता गळावा आणि तो वाचकांपर्यंत कोणत्या रूपाने जावा हे ठरविणाऱ्या माणसाला केवळ हिशेबनीस समजणे हा दुसऱ्यावर अन्याय होईल. नंतरच्या भांडणाचे देणे 1860 मधील कथेने फेडावे, असे म्हणणाऱ्या समीक्षेला त्या कथेचा प्रश्नच कळलेला नाही. त्या पृष्ठांपुरता लेखक एकच होता, आणि त्याचे नाव एर्कमान–शात्रियां असे होते.