आटपाडीचा माळ आणि बारा हात

साल 1940. आटपाडीच्या माळावर तुम्ही उभे आहात. ऊन टाळू भाजतंय, पायाखाली मुरूम करकरतोय. समोर औंध संस्थानाची स्वतंत्रपूर वसाहत. तुरुंग म्हणून आलात, पण कोट दिसत नाही, गजांचा दरवाजाही नाही. खोपटापुढं एक गडी कालवणात बाजरीची भाकरी कुस्करतोय. त्याची कारभारीण तव्यावरची दुसरी उलथतेय.

"कुठनं आलासा पावनं? बसा की."

जन्मठेपेवर आलेला माणूस तुम्हाला पाव्हणा म्हणतो. तुमच्या ओठांवर आलेला 'कैदी' हा शब्द तुम्ही गिळून टाकता. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांच्या राज्यात पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांनी हा प्रयोग मांडला, तो माणसाच्या शब्दावर विश्वास टाकूनच.

आता 1957. याच प्रयोगावरून सुचलेला चित्रपट लागलाय. थेटरात अंधार होतो आणि पडद्यावर नाव उमटतं : 'दो आँखें बारह हाथ'. व्ही. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, लेखन ग. दि. माडगूळकरांचं, म्हणजे याच आटपाडीजवळच्या शेटफळ्यात जन्मलेल्या माणसाचं. चित्रपटात सहा खुनी आहेत, पण नावात ना खून, ना तुरुंग. नुसते हात. 'सहा खुनी' असं नाव असतं, तर पहिल्याच प्रसंगात तुम्ही अंग चोरून बसला असता. आता त्यांच्या हातात कुदळ येते तेव्हा तुम्ही त्या हातांकडे बघत राहता. जेलर आदिनाथला तर नावानं दोन डोळेच दिलेत. पळून जाऊ पाहणाऱ्यांना ती नजर अडवते. भिंतीचं काम ती करते. 1958 मध्ये बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. पण स्वतंत्रपूरच्या गड्याचं ते "बसा की" हिंदीत हरवलं, याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून 1995 पर्यंत या. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरचा अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी' लागलाय. पोरसवदा मास्तर पुस्तकी मराठी बोलतो, समोरचे धनगर याच आटपाडीकडची माणदेशी बोली. तो परका आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. तोंड उघडलं की कळतं. चंद्रकांत मांढऱ्यांच्या कारभाऱ्याचा अधिकारही आवाज चढवण्यात नाही, मोजकं बोलण्यात आहे.

स्वतंत्रपूर आजही खुली वसाहत म्हणून चालू आहे. माणदेशावर चित्रपट लिहायला बसणार असाल, तर आधी आटपाडीच्या बाजारात दिवसभर बसा. तिथली माणसं काय बोलतात आणि कुठं गप्प राहतात, ते ऐका. मग लेखणी उचला.