सोमवारची धाप

माझे आजोबा लालबागच्या चाळीत राहत आणि गिरणीच्या कार्डिंग खात्यात काम करत. आठवड्याच्या सुट्टीनंतर सोमवारी पाळीवर गेले की त्यांची छाती आवळून येई. दोन दिवसांनी मोकळी होई. घरात त्याला ‘सुट्टीचा आळस’ म्हणत. पुढे कळले, ही बिसिनोसिसची खूण. कापसाच्या धुळीने होणारा हा आजार सुरुवातीला असाच येतो-जातो आणि काही वर्षांनी कायमची धाप होऊन बसतो.

गिरणी कामगाराचे दुखणे मात्र कधीच एकटे नसे. व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालानुसार बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कर्जात होते. त्यात जातीची भर. विणाई खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. कमी पगार आणि सावकाराचा तगादा असताना आजारी माणूस रजा कुठून घेणार?

हे गाठोडे ना. म. जोशींनी ओळखले होते. १९११ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या सोशल सर्व्हिस लीगने दवाखान्यांबरोबर रात्रशाळा, वाचनालये आणि सहकारी पतपेढ्याही चालवल्या.

पुढे सरकारने आरोग्याची बाजू हक्क म्हणून उचलली. बी. पी. अडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. मोफत औषधोपचार आणि आजारपणात काही पगार, ही मोठीच मिळकत होती. पण हा हक्क वर्गणीला बांधलेला होता, वर्गणी पगाराला आणि पगार हजेरीपटाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेकांचे नाव हजेरीपटावर परत चढलेच नाही. आजोबांचेही नाही. काही काळाने विम्याचे कार्ड चालेनासे झाले, सावकाराची वही मात्र चालू राहिली. आजीने ते कार्ड ट्रंकेत जपून ठेवले. नोकरी गेल्यावर धूळ सुटली, धाप सुटली नाही. फुप्फुसाचा आजार नोकरीपेक्षा जास्त जगतो, एवढी साधी गोष्ट आजोबांच्या बाबतीत हिशेबात धरली गेली नाही. आज कंत्राटावर राबणाऱ्यांच्या बाबतीत तरी ती धरायला हवी.